स्क्रीनवरचं शून्य खरं की डिफॉल्टचं? नेस्टेड जेसन वाचण्याबद्दल थोडं

अ‍ॅपच्या स्क्रीनवर एका चॅनेलसमोर ऑफसेट शून्य दिसतोय. हे शून्य फाइलमध्ये खरंच कुणीतरी लिहिलंय, का तिथे काहीच नव्हतं आणि आपल्या कोडनेच गुपचूप ठरलेलं शून्य, म्हणजे डिफॉल्ट, भरून टाकलं? स्क्रीनकडे बघून हे कधीच कळत नाही. नेस्टेड, म्हणजे एकात एक घातलेला, डेटा वाचण्याबद्दल मला जे काही म्हणायचंय ते जवळपास सगळं याच प्रश्नापाशी येतं, त्यामुळे सुरुवात इथूनच करतो.

उदाहरण साधंच घेऊ. मोजमाप करणारं एखादं यंत्र आहे आणि त्याच्या सेटिंग्जची जेसन फाइल (नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांत डेटा लिहिलेली टेक्स्ट फाइल) आपलं डेस्कटॉप अ‍ॅप उघडतं. रूटला, म्हणजे सगळ्यात वर, एक ऑब्जेक्ट (अशा जोड्यांचा गट), त्यात यंत्र, यंत्राच्या आत चॅनेल्सची अ‍ॅरे (म्हणजे यादी), प्रत्येक चॅनेलमध्ये कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक करायच्या दुरुस्त्या) नावाचा ऑब्जेक्ट आणि त्याच्या पोटात ऑफसेट (रीडिंगमध्ये मिळवायची किंवा वजा करायची दुरुस्ती) आणि गेन (रीडिंगला गुणायचा आकडा) हे दोन आकडे. म्हणजे एका ऑफसेटपर्यंत पोचायला पाच पायऱ्या उतराव्या लागतात आणि यातली कुठलीही पायरी गायब असू शकते, ती नल, म्हणजे रिकामी म्हणून लिहिलेली, असू शकते, किंवा जिथे ऑब्जेक्ट अपेक्षित होता तिथे नुसती स्ट्रिंगही (मजकूर) येऊ शकते.

आता ऑफसेट शून्य असणं हे अगदी कायदेशीर आहे बरं का. सेन्सर बरोबर दाखवत असेल तर ऑफसेट शून्यच असणार. म्हणूनच इथे डिफॉल्ट शून्य देणं धोक्याचं, कारण खऱ्या शून्यात आणि भरलेल्या शून्यात काही फरकच उरत नाही. गेनचं तर अजून वाईट. गेनला डिफॉल्ट शून्य दिला तर सगळी रीडिंग्ज शून्य येतील, निदान कुणाच्या तरी लक्षात तरी येईल. पण शहाणपणाने डिफॉल्ट एक दिला तर कॅलिब्रेट न केलेलं चॅनेल कॅलिब्रेट केल्यासारखं दिसायला लागतं, आकडे येत राहतात, ग्राफ छान निघतो, रिपोर्टही प्रिंट होतो, आणि कुणालाच शंका येत नाही. अ‍ॅप क्रॅश झालं तर लोक फोन तरी करतात. चुकीचा आकडा शांतपणे दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दल कुणी फोन करत नाही, म्हणून मला क्रॅशपेक्षा याची भीती जास्त वाटते.

डेस्कटॉपवर हे सगळं जास्त का जाणवतं तर फाइल आपल्या ताब्यात नसते. वेबवर सर्व्हर आपला आणि क्लायंटही आपला असला तर दोन्ही बाजू एकदम बदलता येतात. इथे फाइल वापरणाऱ्याच्या डिस्कवर वर्षानुवर्षं पडून असते. अ‍ॅपच्या जुन्या व्हर्जनने लिहिलेली असते, मग कुणीतरी ती नोटपॅडमध्ये उघडून हाताने बदललेली असते, दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हने आणलेली असते, किंवा नव्या व्हर्जनने लिहिलेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडली जाते. हे सगळं रोजचं आहे आणि वाचणाऱ्या कोडने हे गृहीत धरूनच चालायला हवं.

तर एखादी आतली व्हॅल्यू मागितली की खरं म्हणजे चार वेगळी उत्तरं येऊ शकतात. व्हॅल्यू आहे आणि बरोबर टाइपची आहे. फील्डच, म्हणजे त्या नावाची नोंदच, नाहीये. फील्ड आहे पण नल आहे. फील्ड आहे, काहीतरी लिहिलंयही, पण टाइप भलताच आहे, आकड्याच्या जागी स्ट्रिंग वगैरे. बहुतेक कोड यातलं पहिलं उत्तर वेगळं काढतो आणि उरलेली तीन एकाच डब्यात टाकतो, आणि गंमत अशी की लायब्ररीज पण यात आपल्याला फार मदत करत नाहीत, प्रत्येकीची तऱ्हा निराळी आहे.

पायथनचं बघा. जेसन ऑब्जेक्टची तिथे डिक्शनरी होते, त्या डिक्शनरीवर गेट मेथड वापरून डिफॉल्ट म्हणून रिकामी डिक्शनरी द्यायची, मग त्यावर परत गेट, अशी साखळी सगळेच लिहितात. दिसायला सुरक्षित वाटते. पण गेटचा डिफॉल्ट फक्त फील्ड नसेल तेव्हाच मिळतो. फील्ड असेल आणि त्याची व्हॅल्यू नल असेल तर गेट नन (पायथनमधला नल) परत देतं, आणि पुढचा गेट त्या ननवर आपटतो. मग लोक त्यावर उपाय म्हणून ऑर लावून रिकामी डिक्शनरी देतात, मधल्या पायऱ्यांना ते चालून जातं, पण तीच सवय शेवटच्या व्हॅल्यूला लागली की खरं शून्य, रिकामी स्ट्रिंग आणि फॉल्स हे तिन्ही नसल्यासारखे धरले जातात आणि त्यांच्या जागी डिफॉल्ट बसतो. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनवर डेस्कटॉप अ‍ॅप करणाऱ्यांना, दोन उभ्या रेघांच्या ऑरने अगदी हेच होतं. तिथे २०२० च्या स्टँडर्डमध्ये दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर आला, तो फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच डिफॉल्ट देतो, शून्याला हात लावत नाही. त्याच वर्षी ऑप्शनल चेनिंगही आलं, म्हणजे मधली पायरी नसली तरी न आपटता थांबणारी साखळी. दोन्ही वापरा, चांगलेच आहेत, फक्त एवढं लक्षात असू द्या की चेनिंग वापरलं की साखळी नेमकी कितव्या पायरीवर तुटली ही माहिती कायमची हरवते. शेवटी हातात नुसतं अनडिफाइन्ड.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये सिस्टिम टेक्स्ट जेसन ही लायब्ररी २०१९ मध्ये डॉटनेट कोअर ३.० बरोबर आली आणि आता बहुतेक नवीन कामं तिच्यावरच होतात. तिच्यातला जेसनएलिमेंट मला आवडतो कारण त्याच्याकडे व्हॅल्यूकाइंड आहे, तो नल आहे का, स्ट्रिंग आहे का, ऑब्जेक्ट आहे का हे सरळ विचारता येतं. पण ट्रायगेटप्रॉपर्टी या नावाने फसू नका. नावात ट्राय आहे म्हणून वाटतं की काहीही झालं तरी ट्रू नाहीतर फॉल्सच येणार, एक्सेप्शन (काम मध्येच थांबवणारी एरर) येणारच नाही. तसं नाहीये. फील्ड नसेल तर फॉल्स, हे खरं, पण ज्याच्यावर आपण ते बोलावतोय तोच ऑब्जेक्ट नसेल, म्हणजे कॅलिब्रेशनच्या जागी नल असेल, तर सरळ इनव्हॅलिडऑपरेशन एक्सेप्शन. म्हणजे प्रत्येक पायरीला आधी व्हॅल्यूकाइंड तपासायचा, मगच आत उतरायचं. नंतर डॉटनेट ६ मध्ये आलेला जेसननोड लिहायला सुटसुटीत आहे, चौकटी कंसात नाव दिलं की आतला नोड मिळतो, पण तिथे फील्ड नसलं तरी नल आणि फील्डमध्ये नल लिहिला असला तरीही नलच. फरक हवा असेल तर कंटेन्सकी वेगळं विचारावं लागतं.

थेट क्लासमध्ये डिसिरियलाइझ केलं, म्हणजे जेसनवरून सरळ आपल्या क्लासचे ऑब्जेक्ट बनवले, तर हे सगळं सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. काही प्रमाणात सुटतंही. नल साध्या इंटमध्ये (पूर्णांकात) बसत नाही म्हणून तिथे एक्सेप्शन येतं, टाइप चुकला तरी येतं. पण फील्डच नसेल तर? काही बोलत नाही, इंट असेल तर शून्य, झालं. परत तेच शून्य. डॉटनेट ७ पासून प्रॉपर्टीला रिक्वायर्ड म्हणता येतं आणि मग फील्ड नसलं की डिसिरियलायझर ओरडतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, गेनसारख्या फील्डला तर हवंच. अजून एक, क्लासमध्ये लिस्टला सुरुवातीलाच रिकामी लिस्ट देऊन ठेवली की नलची काळजी मिटली असं समजू नका. फाइलमध्ये त्या फील्डला नल लिहिला असेल तर तो नल तुमच्या रिकाम्या लिस्टच्या डोक्यावर येऊन बसतो.

क्यूटी ही सी प्लस प्लसची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी वेगळंच प्रकरण आहे. क्यूजेसनव्हॅल्यूला नल आणि अनडिफाइन्ड असे दोन वेगळे टाइप आहेत, इझनल आणि इझअनडिफाइन्ड दोन्ही विचारता येतात, म्हणजे चारही उत्तरं वेगळी काढायची सोय आहे. पण कुणी विचारत नाही, सगळे सरळ टूडबल म्हणतात, आणि टूडबल कुठलाही आवाज न करता शून्य देतं, फील्ड नसो, नल असो, नाहीतर आत अख्खा ऑब्जेक्ट असो. आणि चौकटी कंसाने वाचताना क्यूजेसनऑब्जेक्ट कॉन्स्ट, म्हणजे न बदलता येणारा, नसेल तर नसलेलं फील्ड तिथल्या तिथे तयार होतं, नल व्हॅल्यूसकट! म्हणजे आपण फक्त वाचलं आणि डेटा बदलला, मग सेव्ह केलं की तो नल फाइलमध्ये गेला, आणि पुढच्या वेळी फील्ड नाही ऐवजी फील्ड नल आहे अशी वेगळीच परिस्थिती. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड मॅपचंही हेच आहे, चौकटी कंसाने नसलेली नोंद तयार होते. वाचायला व्हॅल्यू मेथड वापरा किंवा ऑब्जेक्ट कॉन्स्ट ठेवा, एवढं केलं तरी पुरे.

मग मी काय करतो? वाचण्याचं काम एका ठिकाणी ठेवतो. बटणाच्या क्लिकमध्ये, ग्रिड भरताना, ग्राफ काढताना, असं जागोजागी जेसनमध्ये हात घालायचा नाही. फाइल उघडली की एकदाच सगळं वाचायचं, तपासायचं, आपल्या साध्या ऑब्जेक्ट्समध्ये ओतायचं, आणि यूआयला, म्हणजे स्क्रीनच्या भागाला, त्यानंतर जेसन हा प्रकार माहीतच नसावा. वाचण्यासाठी एक छोटं फंक्शन लिहितो, त्याला पाथ, म्हणजे उतरायच्या पायऱ्यांचा क्रम, द्यायचा, ते एकेक पायरी उतरतं आणि चारपैकी एक उत्तर देतं, आणि अडलं तर नेमकं कुठे अडलं तेही सांगतं. हे फंक्शन वीस-तीस ओळींच्या पुढे जात नाही, कुठल्याही भाषेत.

डिफॉल्ट द्यायचा का नाही हा निर्णय या फंक्शनच्या आत घ्यायचा नाही, हे मात्र मी हट्टाने पाळतो. तो प्रत्येक फील्डचा वेगळा असतो. विंडोची रुंदी नाही सापडली, द्या डिफॉल्ट, कुणाचं काही बिघडत नाही. चॅनेलचा रंग नाही, द्या. नाव नाही, चॅनेल तीन म्हणा. पण गेन नाही तर ते चॅनेल कॅलिब्रेट झालेलं नाही असंच दाखवायला पाहिजे, आकड्याच्या जागी आडवी रेघ आणि वर माउस नेला की कारण. आकड्यांच्या रकान्यात आकडाच हवा असा आग्रह धरला की मग शून्य भरायचा मोह होतो, म्हणून मॉडेलमध्येच ते फील्ड नलेबल, म्हणजे नल चालेल असं, ठेवतो, म्हणजे ग्रिड लिहिणाऱ्याला विचार करावाच लागतो.

पाथबद्दल थोडं जास्त बोलतो कारण हा भाग लोक फार हलक्यात घेतात. पायथनचा कीएरर फक्त शेवटच्या फील्डचं नाव सांगतो, ऑफसेट. बरं, पण कुठल्या चॅनेलचा? बत्तीस चॅनेल्स असतील तर वापरणाऱ्याने काय बत्तीस वेळा शोधायचं? मेसेज असा हवा: यंत्र, चॅनेल्स, तिसरं, कॅलिब्रेशन, इथपर्यंत पोचलो, कॅलिब्रेशनमध्ये ऑब्जेक्ट हवा होता, स्ट्रिंग सापडली. हा मेसेज फोनवर वाचून दाखवला तरी समोरच्याला फाइल न बघता कळतं. सिस्टिम टेक्स्ट जेसनचं जेसनएक्सेप्शन क्लासमध्ये वाचताना पाथ आणि ओळ नंबर दोन्ही देतं, ते फेकून देऊन नुसतं फाइल खराब आहे असा डायलॉग दाखवू नका प्लीज. फक्त ओळ नंबर तिथे शून्यापासून मोजलेला असतो, दाखवताना त्यात एक मिळवा, नाहीतर माणूस एक ओळ वरती शोधत बसतो.

पाथ लिहायचा कसा यालाही स्टँडर्ड आहेत, स्वतःचं काहीतरी शोधून काढायची गरज नाही. जेसन पॉइंटर २०१३ पासून आहे, आरएफसी ६९०१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटची स्टँडर्ड ज्यात छापतात ती कागदपत्रं), तिरक्या रेघांनी पायऱ्या वेगळ्या करायच्या आणि अ‍ॅरेचे नंबर शून्यापासून. फील्डच्या नावातच तिरकी रेघ असेल तर तिच्यासाठी टिल्डे आणि एक असं लिहायचं, आणि खुद्द टिल्डेसाठी टिल्डे आणि शून्य. डॉट घालून पाथ बनवणारे लोक नावात डॉट आला की अडकतात, आणि सेटिंग्जमध्ये फाइलची नावं किंवा आयपी अ‍ॅड्रेस फील्डचं नाव म्हणून आले की डॉट येतोच. दुसरं जेसनपाथ, ते वापरात २००७ पासून आहे पण स्टँडर्ड व्हायला २०२४ उजाडलं, आरएफसी ९५३५. पॉइंटर नेहमी एकाच जागेकडे बोट दाखवतो, जेसनपाथ शोध घेतो आणि कितीही नोड देऊ शकतो, शून्यसुद्धा. एकच सेटिंग वाचायचंय तर पॉइंटर बरा, कारण शोधात काही सापडलं नाही हे उत्तर वैध असतं आणि परत आपला मूळ प्रश्न उभा राहतो की नाही म्हणजे नेमकं काय. जावातल्या जॅक्सन लायब्ररीमध्ये गेट आणि पाथ अशा दोन मेथड आहेत, गेट नसलेल्या फील्डला नल देते आणि पाथ एक मिसिंगनोड देते ज्यावरून पुढे उतरत राहता येतं, त्यामुळे शेवटी एकदाच इझमिसिंगनोड विचारलं की झालं. नल आणि मिसिंग तिथे वेगळे राहतात, मला ही रचना फार आवडते.

आकड्यांचं प्रकरण वेगळी पोस्ट मागेल, इथे दोनच गोष्टी. जेसनमध्ये पूर्णांक आणि दशांश असे वेगळे टाइपच नाहीत, नुसता आकडा. त्यामुळे मोठे आयडी डबलमधून (दशांश आकड्यांचा टाइप) गेले की ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूकतेची खात्री राहत नाही, शेवटी ९९३ असलेला आकडा ९९२ होऊन बाहेर येतो. आयडी स्ट्रिंगच ठेवा. दुसरं, कुणी आकडा अवतरणात घालून स्ट्रिंग म्हणून लिहिलाय आणि तुम्ही दयाळूपणे तो पार्स करताय, तर मशीनचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) वापरू नका. जर्मन सेटिंगच्या विंडोजवर डॉटनेटचं साधं पार्स २.५ ला २५ वाचतं, कारण तिथे टिंब हे हजार वेगळे करायचं चिन्ह आहे. एक्सेप्शन वगैरे काही नाही, दहापट मोठा गेन. इनव्हेरियंट कल्चर, म्हणजे कुठल्याच देशाशी न बांधलेली सेटिंग, द्यायचं, कायम.

हाताने बदललेल्या फाइल्समध्ये कॉमेंट्स आणि शेवटचा जास्तीचा कॉमा सापडतोच. सिस्टिम टेक्स्ट जेसन मुळात दोन्ही नाकारतं पण ऑप्शनमध्ये दोन्हीला परवानगी देता येते, आणि वाचताना द्यावी असं माझं मत, माणसाने बदललेल्या फाइलशी एवढं कडक कशाला वागायचं. मोठ्याल्या आणि छोट्या अक्षरांचाही एक घोळ आहे, न्यूटनसॉफ्ट ही डॉटनेटची दुसरी लायब्ररी क्लासमध्ये वाचताना फरक करत नाही आणि सिस्टिम टेक्स्ट जेसन मुळात करतं, त्यामुळे लायब्ररी बदलली की फील्ड अचानक सापडेनाशी होतात आणि, हो, शून्य भरलं जातं.

ट्री व्ह्यूमध्ये नेस्टेड डेटा दाखवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. नोड उघडला की मगच त्याची पोरं वाचायची, ही पद्धत योग्यच, पन्नास हजार नोड एकदम भरले तर अ‍ॅप हँग होणार. पण डॉटनेटचं जेसनडॉक्युमेंट डिस्पोज करायचं असतं, त्याची मेमरी पूलमधून घेतलेली असते, आणि जेसनएलिमेंट म्हणजे त्या डॉक्युमेंटच्या आत उघडलेली खिडकी आहे, स्वतःचा डेटा त्याच्याकडे नाही. फाइल वाचणाऱ्या फंक्शनने यूझिंग लावून डॉक्युमेंट बंद केलं आणि एलिमेंट ट्रीच्या टॅगमध्ये ठेवला, तर पहिली पातळी दिसते आणि वापरणाऱ्याने अधिकच्या चिन्हावर क्लिक केलं की ऑब्जेक्टडिस्पोज्ड एक्सेप्शन. जो भाग ठेवायचाय त्याचा क्लोन घ्या, किंवा विंडो बंद होईपर्यंत डॉक्युमेंट जिवंत ठेवा. पार्सिंग वेगळ्या थ्रेडवर आणि ट्रीला हात फक्त यूआय थ्रेडवरून, हे तर आलंच.

आता जे फील्ड आपण वाचतच नाही त्यांचं. नव्या व्हर्जनने चॅनेलमध्ये तापमान-भरपाई नावाचा एक नवीन ऑब्जेक्ट टाकला. जुन्या व्हर्जनच्या क्लासमध्ये ती प्रॉपर्टीच नाही, म्हणून वाचताना तो भाग निमूटपणे सोडून दिला जातो. वाचणं बिनचूक झालं, स्क्रीन बरोबर. मग वापरणारा चॅनेलचा रंग बदलून सेव्ह करतो, अ‍ॅप आपल्या क्लासवरून फाइल नव्याने लिहितं, आणि तापमान-भरपाई गेली. नव्या व्हर्जनमध्ये तीच फाइल परत उघडली की फील्ड नाही, आणि तिथल्या कोडने जर डिफॉल्ट शून्य भरलं तर आपण जिथून सुरू केलं तिथेच. सिस्टिम टेक्स्ट जेसनमध्ये यासाठी जेसनएक्स्टेन्शनडेटा नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे, क्लासमध्ये एक डिक्शनरी ठेवून तिला ते लावलं की अनोळखी फील्ड तिच्यात जमा होतात आणि लिहिताना जशीच्या तशी परत जातात. पण ते ज्या क्लासला लावलं त्याच पातळीपुरतं चालतं. रूटला लावून चॅनेलच्या आतलं टिकत नाही, चॅनेल, कॅलिब्रेशन, प्रत्येक पातळीच्या क्लासमध्ये वेगळं लावावं लागतं. पायथनमध्ये किंवा जेसननोड वापरून मूळ झाड तसंच मेमरीत ठेवायचं आणि बदललेली तेवढीच व्हॅल्यू त्यात टाकून ते झाड परत लिहायचं, हे अजून सोपं पडतं. तपासायचं असेल तर एक फाइल बनवा ज्यात प्रत्येक पातळीवर एकेक भलतंच फील्ड घातलंय, अ‍ॅपमध्ये उघडा, काहीतरी फालतू बदल करून सेव्ह करा, आणि दोन्ही फाइल्स डिफ टूलमध्ये शेजारी ठेवून बघा काय काय गायब झालंय.